कळपाच्या मागचा माणूस

माझ्या सख्ख्या भावाला मी इंग्रजी सिनेमात पाहिलं आणि तसं घरी जाऊन सांगितलं. मनाशी ठेवलं असतं तर आज हसून विषय संपला असता. पण तोंड माझं, ते कुठलं गप्प बसतंय. माझ्या त्या सांगण्यानं त्याचे दिवस करायचे थांबले आणि झळ लागायची ती वहिनीला लागली. मला काहीच झालं नाही. मूर्खपणा करणाऱ्याला सहसा काही होत नाही, हे मी पुढं बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं.

तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. नाकात मोरणी, डोक्यात भुसा. नातवंडं विचारतात, आजी, तू इतकी येडी कशी होतीस गं? मी म्हणते, येड लागायला वेळ लागतो बाबांनो. मूर्खपणा माणूस जन्मताना घेऊन येतो, आणि माझा तर पायाळू होता.

आम्ही मेंढरंवाले. पेडगावपासून कोसभरावर आमची वस्ती. दादा माझ्याहून पुष्कळ मोठा. लहानपणी बाभळीच्या शेंगा पाडताना तो झाडावरून पडला, कोपर मोडलं आणि वाकडंच सांधलं. तो हात कायम छातीशी, जणू काखेत कोकरू धरलंय. बहुतेक वेळा खरंच कोकरू असायचं. कळपाच्या मागं तोच चालायचा. मागं चालणाऱ्यानं धूळ खायची, लंगडं जनावर उचलायचं, वाट चुकलेलं हाकायचं. सगळ्यांत हलकं काम ते, पण दादानं मागून घेतलेलं. तोंडाला रुमाल बांधलेला, वर नुसते डोळे. सांजच्याला चुलीपुढं बसला की मी त्याच्या समोर बसायचे, आणि तो वाकड्या हाताच्या पंजात गरम हुरडा घेऊन माझ्यापुढं करायचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची, त्यामुळं माझ्याजवळ त्याची आठवण म्हणून एवढीच: धूळ, रुमाल आणि समोर आलेला तो वाकडा डावा हात.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत लोक जनावरं घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, पैनगंगेपलीकडं जायला लागले. दादाही कळप घेऊन निघाला. वाटेत कुठं तरी गोळ्या झाडल्या गेल्या, सोबतची माणसं पांगली. काही दिवसांनी निम्मी मेंढरं आपल्या पायानं वस्तीवर आली. दादा आला नाही. कुणी म्हणालं गेला, कुणी म्हणालं छावणीत दिसला, कुणी म्हणालं मनमाडच्या गाडीत बसला. माय रडली नाही. रडायला खबर लागते, आणि ती आलीच नव्हती. तिनं आलेली मेंढरं जाळीच्या कुंपणात घातली आणि लंगडणाऱ्यांच्या खुरांत हळद भरत बसली.

वहिनी तेव्हा नुकतीच नांदायला आलेली, पंधरा-सोळा वर्षांची. नवऱ्याशी तिचं पुरतं बोलणंही झालं नसेल. पुढची बारा वर्षं ती आमच्याच घरात राहिली. रोज कुंकू लावायची, लोकर पिंजायची, सूत काढायची. माझ्या उवा तिनं काढल्या, माझी वेणी तिनं घातली, माझ्या लग्नात माझ्या पाठीशी तीच उभी होती. विचारलं तेवढंच बोलायची. घरात दादाचं नाव पाऊसपाण्यासारखं निघायचं. यंदा येईल, यंदा आला नाही. कुणाचा आवाज त्यासाठी हलायचा नाही.

आमच्याकडं रीत अशी की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. बारा सरली की तो गेला असं धरायचं. मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. त्या दिवशी बायकोचं कुंकू पुसलं जातं. आणि तिला पुन्हा घर करायचं असेल तर त्यानंतर ती मोकळी, पाट लावता येतो. त्याआधी नाही.

बारा सरत आली तसं चुलत्यानं, म्हणजे आमच्या तात्यानं, शिवरातीनंतरचा दिवस ठरवला. तात्याच्या मनात आणखी एक होतं. चुडाव्याच्या टेसनाजवळ राहणारा एक बायको मेलेला माणूस होता, रेल्वेच्या रुळांवर काम करणारा. तो एकदा आमच्या वस्तीवर येऊन गेला. ओट्यावर बसला, चहा घेतला. वहिनीकडं त्यानं मान वर करून पाहिलं नाही. आमच्या दाराची एक फळी निखळलेली होती, ती दगडानं ठोकून बसवली आणि गेला. मी तेव्हा माहेरी होते. आठ दिवस वहिनी लोकर पिंजत राहिली. मग एकदा माझी वेणी घालता घालता म्हणाली, “वन्सं, चुडाव्याला गाडी किती येळ थांबती वो?”

बारा वर्षांत तिनं आपणहून विचारलेला हा एवढा एकच प्रश्न मला आठवतो. आणि मी दीडशहाणी काय म्हणाले? “उतरायपुरती थांबती, वैनी. चढाय मिळत न्हाई.”

ती हसली नाही. वेणी घातली आणि फणी ठेवून दिली.

खरं सांगायचं तर मला ती जायला नको होती. माय दिवसभर मेंढरांत. माहेर म्हणजे माझ्यासाठी वहिनीच होती. मी सासरी आरामात होते, आणि माझं माहेर जागच्या जागी राहावं म्हणून दुसऱ्या बाईनं जन्मभर लोकर पिंजत बसावं, असा माझा साधा हिशेब होता. तो तेव्हा मला प्रेमासारखा वाटत होता.

माझा नवरा परभणीत पत्र्याच्या टॉकीजच्या दारावर उभा राहायचा, तिकिटं फाडायला. त्याचा सगळा थाट एका शिट्टीवर आणि खाकी सदऱ्यावर चाललेला. मला अक्षरं त्यानंच शिकवली, सिनेमांच्या पाट्यांवरून. त्यामुळं ‘मारामारी’ हा शब्द मला स्वतःच्या नावाच्या आधी लिहिता यायला लागला. दुपारच्या खेळाला गर्दी नसली की तो मला मागून आत सोडायचा. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यांतून उन्हाच्या काड्या आत यायच्या आणि पडद्यावर भलत्याच ठिकाणी तारे दिसायचे.

त्या काळात घोड्यावरच्या माणसांचे इंग्रजी सिनेमे फार यायचे. हैदराबादेत चालून चालून फिल्म घासली की ती आमच्याकडं. टोपीवाले, बंदुकवाले, कापडाचं छत घातलेल्या गाड्या, आणि जिथं तिथं धूळ. आमच्या मुलखासारखीच उघडी माळरानं, फक्त डोंगर तांबडे आणि सरळ कापल्यासारखे. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं म्हणून मालकानं एक म्हातारा ठेवलेला, निजामाच्या घोडदळातून सुटलेला. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तो पडद्याशेजारी स्टुलावर बसून पत्र्याच्या कर्ण्यातून सगळं समजावून सांगायचा.

“देखो भई, ये यहां का जागीरदार है. सब जानवरां इसीच के. वो छाती पे बिल्ला लगाया सो अमीनसाब. और वो पहाड़ के पीछे छुपे सो रोहिले.”

चाचाला इंग्रजी किती येत होतं कोण जाणे. पण त्याच्या सांगण्यानं तो सगळा मुलूख आमच्या जिल्ह्याला लागूनच असल्यासारखा वाटायचा. आणि भांडण तर आमचंच होतं. शेतवाले तारेचं कुंपण घालायचे, कळपवाले ते तोडायचे. मला तर त्या कळपवाल्यांची कीव यायची. एवढी जनावरं हाताशी, शेतात चार दिवस बसवली असती तर खत पडलं असतं, शेतवाल्यानं वर जवारी दिली असती, बंदूक काढायचं कामच नव्हतं. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग खेळ अर्ध्या घंट्यात संपल. तिकीट कोन काढल?”

त्यांचा नायक मला नीट आठवत नाही. त्या वर्षांतले ते नायक सगळे वय झालेले, दमलेले. बंदूक खुंटीला टांगून ठेवायचे, आता पुन्हा हात लावणार न्हाई म्हणायचे, आणि शेवटी लावायचेच. लोक त्यांच्याकडं बघायचे, शिट्ट्या मारायचे. मी मेंढरंवाल्याची लेक. माझी नजर कळपाच्या शेपटाकडं.

उरुसाच्या दिवसांत असाच एक खेळ लागला. मोठ्या शिंगांच्या गाई-बैलांचा कळप रेल्वेच्या टेसनापर्यंत न्यायचा, एवढीच गोष्ट. कळप नदीतून वर चढला, धुळीत पुढं गेला, आणि सगळ्यांच्या मागून एक माणूस आला. तोंडाला रुमाल. वर नुसते डोळे. डावा हात छातीशी वाकलेला. एक वासरू लंगडत मागं राहिलं होतं. तो घोड्यावरून उतरला, एका हातानं ते उचललं आणि वाकड्या हातात धरून पुन्हा वर बसला. पडद्यावर किती वेळ असेल? विडी पेटवायला लागतो तेवढा.

मी उठून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. नवरा म्हणाला, “सिनेमा पाह्यला येतीस का ढोरं मोजाय?”

मी चाचाला गाठलं. तो टॉकीजच्या मागं सावलीत बसलेला होता.

“चाचा, ह्यो मुलूख कुठला?”

“लय दूर, बेटी. समिंदर के परे.”

“आपली मानसं जातेत का तिथं?”

चाचानं खोकून घेतलं. “काम रहा तो आदमी किधर बी जाता. जानवर चराने वालों की तो हर मुलूख में जरूरत.”

बिचाऱ्यानं वाऱ्यावर उत्तर दिलं. मी ते पदरात बांधून घेतलं. सिनेमा म्हणजे वेष घेऊन केलेलं सोंग असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझी समजूत अशी की सोंग पुढच्यांचं. नायकाचं, अमीनसाबाचं, रोहिल्यांचं. मागं जनावरं हाकायला खरा हाकणाराच लागणार. बैल काही सोंग करत नाहीत. आजही मला ही अक्कल अगदीच टाकाऊ वाटत नाही, हे माझं दुर्दैव.

मी पेडगावची गाडी धरली आणि वस्तीवर जाऊन सांगितलं. माय जाळी बांधत होती. तिनं गाठ पुरी केली आणि म्हणाली, “दाव मला.”

दुसऱ्या दिवशी माय, वहिनी आणि मी, तिघी परभणीत आलो. नवऱ्यानं पुढं जमिनीवर घोंगडी टाकून दिली. मायनं आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. ती हात मांडीवर ठेवून बसली, देवळात कीर्तनाला बसावी तशी. माणसं पडत होती, घोडे उधळत होते, ती पापणी हलवत नव्हती. नदी आली तसा मी तिचा गुडघा दाबला.

“आता बग माय. मागून येईल.”

तो आला. वासरू उचललं. गेला.

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, “माझाच हाय.”

मी वहिनीकडं वळले. उन्हाची एक काडी तिच्या कपाळावर पडलेली होती. तिची नजर पडद्यावर होती, पण तिथं आता भलतेच लोक गोळ्या झाडत होते.

“वैनी, तुला काय वाटतंय?”

“माय म्हनतेत तर आसंल,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर नवरा डोकं खाजवत म्हणाला, “मामी, ते अमेरिकेतलं हाय वो.”

“मग तिकडं गेला आसंल,” माय म्हणाली. “बोटीत घालून नेतेत मानसं.”

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. मी पेडगाव येईपर्यंत बोलत होते. दादा पत्र कसा लिहील, त्याला लिहिता येतं का, त्याला तिथं भाकर मिळत असेल का. दोघी खिडकीबाहेर बघत होत्या.

तात्या वैतागला. “शिनेमात दिसलेल्याचं काय खरं धरता,” म्हणाला. पण माय एकच वाक्य बोलत राहिली, “म्या डोळ्यानं पाह्यला.” शेवटी त्यानं चार जाणत्या माणसांना बोलावलं. ते ओट्यावर बसले, तंबाखू मळली आणि निवाडा दिला. गेलेल्या माणसाला आपण डोळ्यानं जिवंत पाहिलं असं आई म्हणते, तर त्याला अग्नी देता येत नाही. बारा वर्षं दिसल्या दिवसापासून पुन्हा मोजायची.

पुन्हा बारा वर्षं. वहिनी तेव्हा आतून चहा घेऊन येत होती. तिनं ते ऐकलं, चहा दिला, कप गोळा केले, विसळून पालथे घातले. मला हायसं वाटलं. तिचं कुंकू वाचवलं, असं मी मनात म्हणाले. मला वाटलं ती रात्रीतून माझ्या गळ्यात पडेल. ती लोकर पिंजत बसली.

नको असेल तर तिनं तसं म्हणायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही पुढं कितीदा म्हणून पाहिलं. पण कुणी सुनेनं सासूसमोर उभं राहून ‘तो न्हवं, तो मेलाय’ असं म्हणायचं? तेही दारात पाटाचं बोलणं येऊन गेलेलं असताना? वस्तीनं तिला जगू दिलं नसतं.

चुडाव्याच्या माणसानं पेरण्यांपर्यंत वाट पाहिली. बारा वर्षं कोण थांबतं? दिवाळीच्या आत त्यानं दुसरी बाई केली. निरोप तात्याकडं आला. तात्यानं तो जेवताना सांगितला. वहिनीनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

त्या वर्षात मी टॉकीजला आलेला घोड्यांचा एकही खेळ सोडला नाही. सगळ्या कळपांच्या मागची माणसं पाहिली. कुणी म्हातारे, कुणी लंगडे, बहुतेक नुसती धूळ. दादा पुन्हा दिसला नाही. मायला मी सांगायचे, काम बदललं असेल. माय म्हणायची, “आसंल.”

दिवाळीनंतर तोच खेळ पुन्हा आला. मी दुपारीच जाऊन बसले. नदी आली, कळप गेला, तो आला, वासरू घेऊन गेला. आणि मग पडद्यावर असं काही सुरू झालं जे मी उरुसात कधी पाहिलं नव्हतं. सांज झालेली, माणसं जाळाभोवती बसलेली. तो मागचा माणूस आला, रुमाल सोडला. खाली पिवळी दाढी, पडलेले दात. एका बाईनं त्याच्या डाव्या बाहीखालची पट्टी सोडली. आधीच्या मारामारीत गोळी लागली होती म्हणे. त्यानं हात सरळ केला, दोनदा झटकला आणि त्याच हातानं चहाचा डबा उचलून प्यायला. वर काही तरी विनोदही केला असावा, कारण सगळे हसले. चाचा कर्ण्यातून म्हणाला, “अब इसका हात एकदम चंगा.”

मी उठून दाराशी गेले. नवऱ्याला विचारलं, “हे आधी कुठं होतं?”

“काय?”

“हे जाळाजवळचं. उरुसात हे न्हवतं.”

तो जरा ओशाळला. “उरुसात एक रीळ गाळत होतो. गर्दी लय. तेवढाच दिवसात एक खेळ जास्ती बसतो. मधलं कुनाला समजतंय?”

मला समजलं नव्हतं, एवढं खरं. मी त्याच्यावर ओरडले नाही. शेंगदाणे घेतले, घरी गेले, खाल्ले. रडू येईल म्हणून वाट पाहिली, ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले आणि मायला सांगितलं, “माय, तो दादा न्हवता. पिवळ्या दाढीचा कोन तरी हाय.”

माय एका मेंढीच्या पायातला काटा काढत होती. “बरं,” म्हणाली. काटा निघाल्यावर म्हणाली, “तात्याला सांग.”

शिवरात आली तसा तात्यानं पळसाची पानं आणली. नदीकाठी त्यानं आणि जाणत्यांनी पानांचा माणूस केला. डोकं, धड, दोन हात, दोन पाय. हात दोन्ही सरळच केले. मला वाटलं सांगावं, डावा जरा वाकवा. पण माझ्या सांगण्याला आता काय किंमत उरली होती. पानं ओली होती, धूर फार झाला, पेटायला वेळ लागला. माय धुरात डोळे न मिटता उभी राहिली.

बायकांनी वहिनीला पाण्यात नेलं. बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं. पाण्यातून ती बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ कुंकवाच्या जागी जरा गोरं दिसत होतं. एवढंच काय ते वेगळं. चुडाव्याकडं जाणारी गाडी त्याच वेळी लांब पुलावरून गेली; आवाज आला, तिनं मान वर केली नाही.

बाकीच्या पुढं गेल्या. मी तिचं ओलं लुगडं पिळायला मागं थांबले. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. पिळता पिळता मी म्हणाले, “वैनी, मी चुकले. पर डावा हात तसाच होता गं, अगदी दादासारखा. म्हनून फसले.”

वहिनीनं लुगडं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “तुमच्या दादाचा उजवा हात अधू होता, वन्सं. डावा न्हाई. तुमच्या मायलाबी ठावं होतं.”